पंचविसावा मासा

ज्या गुडघ्याच्या नावावर ती गेले सहा आठवडे बिनदिक्कत खोटं बोलत आली होती, तो आईचा डावा गुडघा आज सकाळी खरोखरच दुखायला लागला. आई ओट्यापाशी उभी होती, खालच्या फळीवरचा डबा काढायला वाकली आणि अर्ध्यावरच थांबली. एक हात ओट्याच्या कडेवर, दुसरा गुडघ्यावर. "आई गं," एवढंच म्हणाली, तेही हळू, शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असावं तसं. मग सरळ झाली, स्वतःशीच हसली आणि म्हणाली, झालं आता, म्हातारपणाने दार वाजवलं. लेक उंबऱ्याशी चपला घालत होती. एक पाय चपलेत, एक जमिनीवर. तिने विचारलं, कुठला? आईला प्रश्नच उमगला नाही. कुठला गुडघा दुखतो, तिने पुन्हा विचारलं, आणि आई म्हणाली, डावा, का गं? काही नाही, असं म्हणत तिने दुसरी चप्पल चढवली, पण पट्टा काही केल्या बकलात जाईना. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंना तिने डावाच सांगितला होता. उजवा सांगितला असता तरी चाललं असतं. बाईंना काय त्याचं! पण खोटं बोलताना माणूस उगाच नेमकं बोलतं. लहानपणी आई म्हणायची, घरात वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. तिने तर घरात नाही, चार मैलांवरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, सूक्ष्मदर्शकांच्या रांगेपुढे उभं राहून ते वाक्य म्हटलं होतं. तेवढ्या लांबून ऐकू जात असेल का, असा विचार तिच्या मनात आला, आणि तो हसण्यावारी नेण्याइतकी ती सकाळी पावणेसहाला शहाणी नव्हती.

पिशवीच्या तळाशी मलमाची एक नळी होती. बाईंनीच दिलेली, तिसऱ्या आठवड्यात, न मागता. माझ्या बहिणीला याने फार आराम पडला, आईला रोज दोनदा लावायला सांग, असं म्हणून त्यांनी ती तिच्या हातात ठेवली होती, आणि तिने थँक्यू म्हणून ती पिशवीत टाकली होती. नळीचं सील अजून तसंच होतं. आत्ता ती काढून आईला देता आली असती. पण आई विचारणार, कुठून आणलीस, कधी आणलीस, तुला काय आधीच स्वप्न पडलं होतं? त्या प्रश्नाला उत्तर म्हणजे आणखी एक खोटं, आणि तिच्याकडचा साठा कालपासून संपला होता. संध्याकाळी लवकर येते, शेक देते, असं म्हणून ती जिना उतरली.

बसमध्ये यावेळी माणसं झोपेतच चढतात आणि झोपेतच उतरतात. खिडकीच्या काचेवर डोकं टेकलं की इंजिनाची थरथर दातांपर्यंत येते, आणि मग जे दिसतं ते बाहेरचं की आतलं, याची खात्री राहत नाही. दुकानांची शटरं, झाडाला बांधलेली सायकल, आणि या सगळ्यावरून संथ पोहत जाणारा तो मासा. तो काल दुपारपासून तिच्या मागे होता. बोटभर लांबीचा, अंगातून आतलं दिसावं इतका फिकट. वय त्र्याहत्तर दिवस. वय तिनेच दिलेलं होतं. आणि तो मासा कधी जन्मलाच नव्हता.

हे सगळं एका रसायनशास्त्रापायी झालं, असं ती स्वतःला सांगे. पदवीला रसायनशास्त्राचा एक कोर्स प्रॅक्टिकलसकट सक्तीचा. त्याशिवाय कागद हातात पडत नाही. तो तिने पहिल्या वर्षीच घेतला होता आणि पाचव्या आठवड्यात सोडला होता. काचेच्या उभ्या नळीतून थेंब थेंब सोडायचा, खालचं पाणी गुलाबी झालं की थांबायचं, आकडा लिहायचा. असं तीनदा. तिन्ही आकडे जुळले की सही. तिचे कधी जुळलेच नाहीत. अठरा पूर्णांक दोन, अठरा पूर्णांक नऊ, सतरा पूर्णांक सहा. शिकवणारे म्हणत, परत कर. ती परत करी. चौथा आकडा आणखी चौथीकडे. इतरांच्या वह्यांत तिन्ही आकडे कवायतीला उभे असल्यासारखे. मग एकदा तिने शेजारच्या टेबलाकडे नीट पाहिलं, तर तिथली मुलगी एकदाच नळी उघडत होती आणि तीनदा लिहीत होती. तिला राग आला. सतरा वर्षांच्या पोरीला येतो तसा, डोळ्यांत पाणी आणणारा. त्या दिवशी ती ॲप्रन खुंटीला अडकवून निघून गेली आणि घरी म्हणाली, मला खोटे आकडे लिहायचे नाहीत. आई शिलाई मशीनवर बसली होती; पायडलवरचा पाय न थांबवता म्हणाली, नको लिहूस. इतकं सरळ होतं सगळं त्या वेळी.

मग वर्षं गेली आणि रसायनशास्त्र दाराबाहेर ताटकळत राहिलं. शेवटच्या वर्षाआधीच्या उन्हाळ्यात, आता नाही तर कधीच नाही अशा वेळी, दोन पत्रं एकाच आठवड्यात आली. उन्हाळी वर्गात जागा मिळाली, सकाळी सात ते साडेनऊ, बुधवारी प्रॅक्टिकल साडेअकरापर्यंत. आणि मोठ्या बाईंच्या संशोधन प्रकल्पातही जागा मिळाली. दोनशे अर्जांतून चार जण, दहा आठवडे, नऊ ते साडेपाच, आणि शेवटी बाईंचं पत्र, ज्याच्या जोरावर पुढच्या शिक्षणाची दारं उघडतात असं सगळेच सांगत. फॉर्मवर खाली एक चौकोन होता: या काळात अन्य कोणताही अभ्यासक्रम करणार नाही. रसायनशास्त्र नाही तर पदवी नाही, बाई नाहीत तर पत्र नाही. तिने वेळापत्रकाचे दोन कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडून पाहिले, एकावर एक ठेवून दिव्यासमोर धरून पाहिले. दिवस काही ताणला जात नव्हता. शेवटी चौकोनात खूण केली, सही केली, आणि पहिल्याच दिवशी बाईंना म्हणाली, आईला डाव्या गुडघ्यासाठी रोज सकाळी व्यायामोपचाराला न्यावं लागतं, मी साडेदहाला येईन, बुधवारी थोडा आणखी उशीर, संध्याकाळी भरून काढीन. बाई चष्मा काढून तिच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, आईचं करणारी मुलं आता कुठे दिसतात. ते वाक्य तिला त्या मलमापेक्षा जड झालं.

पण प्रयोगशाळेच्या खोलीत शिरल्यावर ती सगळं विसरे, हेही खरं. खोली लांबट, पडदे ओढलेले, खिडकीच्या फटीतून येणाऱ्या उन्हाची एक पट्टी दिवसभर फरशीवरून सरकत जाई. माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, एक खडा असतो. मोहरीएवढा, कधी त्याहूनही लहान. तो काढायचा, काचपट्टीवर चिकटवायचा, घासून घासून पातळ करायचा आणि भिंगाखाली ठेवायचा. मग त्यात वलयं दिसतात. मासा जितके दिवस जगला तितकी वलयं, रोजचं एक. चांगलं खाल्लेल्या दिवसाचं रुंद, उपाशी दिवसाचं बारीक. मधोमध एक ठिपका, तो जन्माचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता. असा खडा आपल्या कानात असता तर, तिला वाटलं होतं, बाबा गेले तो दिवस कुणीतरी भिंगाखाली बोट ठेवून दाखवला असता: हे बघा, इथे ही पोर काही जेवली नाही.

ही वाचायची रीत तिला काकांनी शिकवली. काका म्हणजे प्रयोगशाळेतले सर्वांत जुने सहायक; सव्वीस वर्षं त्यांनी खडेच वाचले, निवृत्तीला दोन उरली. त्यांचा नियम एकच. पहिल्या वाचकाने मोजायचं, आकडे कागदावर लिहायचे आणि कागद उलटा करून डाव्या खणात ठेवायचा. दुसऱ्या वाचकाने तो न बघता मोजायचं. दोघांच्या आकड्यांत पाचापेक्षा जास्त फरक पडला तर दोघांनी शेजारी बसून तिसऱ्यांदा बघायचं. खणाला कुलूप नव्हतं. तिने विचारलंही होतं, आणि काका म्हणाले होते, कुलूप लावलं की माणूस किल्ली शोधतो. शिवाय त्यांनी तिला हेही सांगितलं होतं की फार जुळणारे आकडे त्यांना आवडत नाहीत. दोन माणसं एकच गोष्ट बघतात तेव्हा थोडं भांडण व्हायलाच हवं, नाहीतर त्यातला एक झोपला होता असं समजायचं. हे ऐकून तिला इतकं बरं वाटलं होतं की त्या संध्याकाळी ती बस सोडून चालत घरी गेली. न जुळणाऱ्या आकड्यांचीही कुठेतरी एक खोली होती तर.

आणि तिथेच तिने माती खाल्ली. चौथ्या आठवड्यातला बुधवार. रसायनाच्या टेबलावर तिची जोडीदारीण होती परिचारिकेचं काम शिकणारी एक मुलगी, हसरी, पक्की व्यवहारी. तिने घड्याळ दाखवलं आणि म्हणाली, पहिला आकडा देवाचा, दुसरा त्याच्या जवळपासचा, तिसरा आपल्या बसचा. लिही गं, कोण बघतंय. बस अकरा चाळीसची होती. तिने लिहिला. बरोबरची खूण मिळाली, सही मिळाली, तीन वर्षांपूर्वीच्या त्या सतरा वर्षांच्या पोरीने खुंटीवरच्या ॲप्रनमागून एकदा बघितलं असेल. बस मिळाली. प्रयोगशाळेत पोचली तर सहावा ट्रे तिच्या टेबलावर वाट बघत होता. ट्रेमध्ये पंचवीस खाचा, पंचवीस काचपट्ट्या, प्रत्येकीला अर्धा तास. बाईंना आकडे शुक्रवारी हवे होते, आणि गुरुवारी रसायनाची चाचणी. डोळे असे मिटत होते की एका खड्यात तिला एकदा अठ्ठावन्न वलयं दिसली आणि पुन्हा मोजल्यावर सत्तर. काका चहाला गेले होते. उन्हाची पट्टी डाव्या खणाच्या मुठीवर आली होती. हे तिला आजही आठवतं, मूठ उन्हात चमकत होती. तिने कागद सुलटा केला आणि आकडे उतरवून घेतले. कुठे एक वाढवला, कुठे दोन कमी केले, म्हणजे भांडणासारखं दिसावं. सकाळी एका ठिकाणी हात वळला की दुपारी दुसरीकडे त्याला वाट दाखवावी लागत नाही.

शुक्रवारी बाईंनी दोन्ही कागद ताडून पाहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, वाचन असावं तर असं. काकांचे कान लाल झाले. कारण नंतर कळलं. काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली होती, आणि काका मनात घाबरले होते. डोळ्यांना नव्हे, खुर्चीला. एकदा डोळ्याला हत्यार लागलं की खुर्चीवर दुसरं कुणी येऊन बसेल ही भीती. त्यांनी मनाशी ठरवलं होतं की सहाव्या ट्रेचे आकडे पोरीशी जुळले नाहीत, तर मुकाट्याने तारीख पाळायची. ते जुळले. सोमवारी तिच्यासमोरच, टेबलावरच्या फोनवरून, त्यांनी ती तारीख रद्द केली. फोन ठेवून म्हणाले, डॉक्टर मशीन लावून बघतात, आपण खड्यावर बघतो, कोणाचं खरं? आणि तिच्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, तू माझा दुसरा डोळा आहेस बाई. ती हसली होती. हसण्यावाचून काय करणार?

काल दुपारी तिने सहावा ट्रे कपाटात ठेवायला उचलला. एक टोक हलकं लागलं. शेवटची खाच रिकामी होती, आणि खाचेच्या कडेला काकांच्याच अक्षरात जुनी चिठ्ठी चिकटवलेली: एक मासा कमी आला. म्हणजे चोवीस. तिने काचपट्ट्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, बोट लावून मोजल्या. चोवीस. मग कागद काढला. काकांच्या कागदावर पंचवीस आकडे. तिच्या कागदावर पंचवीस आकडे. आठवा आणि नववा, काकांचे दोन्ही बासष्ट. वाचता वाचता मध्येच कधीतरी उठून आल्यावर त्यांनी आठवी पट्टीच पुन्हा वाचली होती आणि पुढच्या ओळीत लिहिली होती. पट्टीवरचा बारीक क्रमांक त्यांना दिसलाच नव्हता. तिथून पुढचा प्रत्येक आकडा एक घर खाली सरकला होता. प्रत्येक मासा दुसऱ्याचं वय घेऊन बसला होता. आणि शेवटी, चोविसाव्याचे त्र्याहत्तर दिवस पंचविसाव्या ओळीत, ज्याच्यापुढे मासाच नव्हता. काकांची चूक डोळ्यांची होती. तिने तर नसलेल्या माशाला बघून, विचार करून, त्र्याहत्तरचे चौऱ्याहत्तर करून पुन्हा त्र्याहत्तर केले होते. खोडल्याची खूणही होती कागदावर. दुसरा वाचक कशासाठी असतो, हे तिला तेव्हा, रिकाम्या खाचेवर बोट ठेवून उभं असताना, पहिल्यांदा नीट कळलं.

कुणालाच ठाऊक नव्हतं. हे वाक्य तिने रात्रभर उशीवर आलटून पालटून ठेवलं होतं. कुणालाच ठाऊक नाही. चार आठवडे उरले. परीक्षा आहे, पत्र आहे, आई शेजारणींना सांगून मोकळी झाली आहे. काकांचे डोळे काकांचे. आणि मग सकाळी आई डब्यासाठी वाकली.

आज बुधवार. ती रसायनाच्या टेबलाशी उभी राहिली आणि नळी उघडली, एक थेंब, एक थेंब, आणि मग एका थेंबाने सगळं पाणी गुलाबी. जोडीदारीण आकडे लिहून मोकळी झाली होती, तिच्याकडे भुवया उंचावून बघत होती. तिने पुन्हा नळी भरली. आकडा वेगळा आला. तिसऱ्यांदा भरली, तिसरा आणखी वेगळा. तिने तिन्ही लिहिले, आले तसे. शिकवणारे वहीवर वाकले, म्हणाले, जुळत नाहीत, पुढच्या आठवड्यात परत करावं लागेल, आणि सही न करता पुढे गेले. तिला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. नुसतं झोपेतून उठल्यासारखं वाटलं, आणि बाहेर ऊन फार होतं.

प्रयोगशाळेत काका एकटेच होते. भिंगावर वाकलेले, एक डोळा मिटून, आणि मिटलेल्या डोळ्याच्या कडेने पाणी आलेलं. तिची चाहूल लागताच न वळता त्यांनी विचारलं, काय म्हणतो आईचा गुडघा? रोज विचारत. रोज ती म्हणे, बरा आहे. ती स्टूल ओढून त्यांच्याशेजारी बसली. पिशवीतून मलमाची नळी काढून टेबलावर ठेवली, का ते तिलाही सांगता आलं नसतं. पुरावा म्हणून असेल.

"काका, सहावा ट्रे मी वाचलाच नाही," ती म्हणाली. "तुमच्या कागदावरून उतरवला. त्यात चोवीसच पट्ट्या आहेत आणि आपण पंचवीस माशांची वयं दिली आहेत. तुम्ही डॉक्टरांना परत फोन करा."

काकांनी डोळा भिंगावरून उचलला नाही. मग बाकीचं ती आपोआप सांगत गेली. सकाळचा वर्ग, फॉर्मवरचा चौकोन, गुडघा खोटा होता आणि आजपासून खरा आहे. शेवटचं सांगताना तिला रडू फुटलं, आणि तेही नेमकं गुडघ्यावर फुटावं याचं तिलाच नवल वाटलं. काकांनी चष्मा पुसला, पुसलेल्या काचांतून खिडकीकडे पाहिलं, पुन्हा पुसला. काच स्वच्छच होती. मग विचारलं की बाईंना सकाळच्या वर्गाचं विचारलं का नाही. त्या नाही म्हणाल्या असत्या तर, ती म्हणाली. हो, नाही म्हणाल्याही असत्या, काका म्हणाले, आणि ते इतक्या साध्या सुरात म्हणाले की तिला त्याचाच आधार वाटला.

"साडेतीनला बाई येतील," ते म्हणाले. "मी सांगणार. तुझंही सांगणार आणि माझंही. तुला इथे ठेवतील असं मला वाटत नाही."

ती म्हणाली, मलाही वाटत नाही. मग सकाळी सात ते साडेनऊ वर्ग, बुधवारी साडेअकरापर्यंत प्रॅक्टिकल, संध्याकाळी आईला शेक. सगळं बसत होतं आता. सहा आठवडे जो दिवस कुठूनही ताणला जात नव्हता, तो एका क्षणात एवढा मोठा झाला की त्यात काय ठेवावं हे तिला सुचेना. जेवणाच्या टेबलावर त्या दोन कागदांपैकी आता एकच राहील, आणि आई शेजारणींना काय सांगेल ते आईलाच ठरवावं लागेल. फरशीवरची उन्हाची पट्टी टेबलाच्या पायापर्यंत आली होती. साडेतीनला अडीच तास होते.

काका उठले, कपाटातून सहावा ट्रे घेऊन आले आणि तिच्यापुढे ठेवला. स्वतःची खुर्ची थोडी मागे घेतली. चौदावी लाव, म्हणाले. तिने पट्टीवरचा क्रमांक दोनदा बघून ती भिंगाखाली सरकवली. माझ्या कागदावर चौदाला किती, त्यांनी विचारलं. चाळीस, ती म्हणाली. आणि तुझ्या? एकोणचाळीस. काका हसल्यासारखं काहीतरी करून म्हणाले, भांडणसुद्धा तू एकाच आकड्याचं केलंस. मग त्यांनी डोळे मिटून घेतले आणि एक बोट टेबलावर ठेवलं.

"मोज," ते म्हणाले. "मोठ्याने मोज. मी ऐकतो."

तिने मधला ठिपका शोधला. तो एका बाजूला सरकलेला होता, पण स्पष्ट होता. एक, ती म्हणाली, आणि काकांचं बोट टेबलावर हलकेच आपटलं. दोन. तीन. पहिली वलयं रुंद होती, या माशाचं बालपण बरं गेलं होतं. अकराव्यापाशी दोन वलयं एकमेकांना चिकटलेली, तिथे ती थांबली, भिंग फिरवलं, पुन्हा मागून आली, काकांचं बोट वाट बघत वर थांबलं. बारा. वीसनंतर तिचा आवाज सरळ झाला. तिसाव्याच्या पुढे काही उपाशी दिवस होते, केसासारखे, आणि तिने त्यांतला एकही सोडला नाही. अडतीस. एकोणचाळीस.

"चाळीस," ती म्हणाली, आणि काकांचं बोट थांबलं.

खडा अजून अर्धाही झाला नव्हता. बाहेरच्या कडेपर्यंत वलयांमागून वलयं दिसत होती.

"एक्केचाळीस," ती म्हणाली. मग बोट पुन्हा आपटेपर्यंत थांबली, आणि पुढे मोजू लागली.